नकलेत नसलेली सात पानं

आमच्या भालचंद्रदादाने बुलढाण्याच्या कचेरीत एकतीस वर्षं नकला केल्या. खरेदीखतं, वाटणीपत्रं, फिर्यादी, निकाल, सगळ्या जिल्ह्याच्या भांडणांचे कागद त्याने आपल्या टपोऱ्या अक्षरात उतरवून दिले. तो गेला तेव्हा कचेरीतली मंडळी ओट्यावर बसून म्हणत होती, भालचंद्रपंतांच्या नकलेत कधी कानामात्रेची चूक निघाली नाही. मी आतून ऐकत होते. आमचा धाकटा चिंतामण बी.ए. झाला नाही, मलकापूरला कापसाच्या जिनात कारकून म्हणून चिकटला, तो का, हे घरात तिघांनाच माहीत. त्यातला एक आता गेला. मला गप्प बसायचा कंटाळा आला आहे.

दादा मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला आणि त्याच उन्हाळ्यात वडील गेले. हेडमास्तर घरी येऊन आईला म्हणाले, या मुलाला अमरावतीला कॉलेजात पाठवा. आईने माझ्याकडे पाहिलं, चिंतामणकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. महिनाभरात दादा नक्कलनवीस झाला. तक्रार म्हणून त्याने केली नाही. पण त्याच्या वर्गातला कोणी सुट्टीत कॉलेजातून येऊन भेटायला आला, की दादाला नेमकी बाजारात कामं निघत.

चिंतामण त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटा. मॅट्रिकला दुसऱ्या वर्गात आला, तरी दादाच म्हणाला, "मी नाही गेलो, हा जाईल." म्हणताना तोंड असं केलं होतं, जणू काढा पितो आहे. फी माफ झाली. राहण्याजेवणाला माझ्या लग्नासाठी ठेवलेले पैसे लागले आणि माझं लग्न दोन वर्षं पुढे गेलं. लग्नाची मला घाई नव्हती. पण माझ्या नावाचं जे थोडंफार होतं, तेही त्याच्याच ताटात वाढलं गेलं, हे मला झोंबलं, आणि मी ते लपवतही नव्हते.

फी माफ होते, पुस्तकं कोणी माफ करत नाही. एकेक इंग्रजी पुस्तक दादाच्या आठ-आठ दिवसांच्या पगाराचं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वकील राहत. त्यांचा मुलगा चिंतामणच्या एक वर्ष पुढे होता, त्यामुळे लागतील ती पुस्तकं त्यांच्या कपाटात होती. पण वकीलसाहेब बुलढाण्याबाहेर पुस्तक जाऊ देत नसत. दादा म्हणाला, "पुस्तक नका जाऊ देऊ. उन्हाळ्यापुरतं माझ्या घरी राहू द्या." वकीलसाहेब हसले आणि हो म्हणाले.

मग दादाने फुलस्केपचे ताव आणले, मी दाभणाने वह्या शिवल्या. उजाडता उजाडता तो लिहायला बसे तो कचेरीची वेळ होईपर्यंत, आणि रविवारी दिवसभर. नकलेचा त्याचा नियम कडक. मक्षिकेच्या ठिकाणी मक्षिका. मूळ कागदात चूक असेल तर नकलेतही चूक पाहिजे, आपली अक्कल घालायची नाही. आणि रुजवात झाल्याशिवाय नक्कल पुरी नाही. रुजवात म्हणजे एकाने नक्कल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचं. कचेरीत त्यासाठी दुसरा कारकून असे, घरी मी होते. मराठी सातवी झाले होते, आणि जुन्या रीडरांवर दादानेच मला इंग्रजी शिकवलं होतं. छापील पुस्तक माझ्या हातात, वही दादाच्या. तो वाची, मी ओळीला बोट लावून "हूं" म्हणे. वही संपली की दादा खाली लिही, "खरी नक्कल. नक्कल करणार भालचंद्र. रुजवात घेणार शारदा." माझं नाव कुठल्याही कागदावर आलं ते तेवढंच.

पहिल्या उन्हाळ्यात तर्कशास्त्र आणि इतिहास उतरवून झाले. आम्ही ताडत असू तेव्हा चिंतामण जवळच चटईवर लोळत, भाजलेले दाणे खात ऐकत असे. "ताई, केवढं जोरात हूं म्हणून राहिली," म्हणून मला चिडवी. मला हसू येई आणि रागही येई. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो दाणे खात होता, आणि ज्यांना ते पुस्तक हवंहवंसं वाटत होतं ती दोघं त्याची हमाली करत होती.

दुसऱ्या वर्षी इंटरची परीक्षा होती आणि पुस्तक होतं अर्थशास्त्राचं. चिंतामण अमरावतीहून आला तो भांग पाडून, पायात बूट घालून. आई त्याच्याभोवती फिरत होती. दादा ते बूट येता-जाता बघे. एकदा त्याने आपला पाय बुटाच्या शेजारी ठेवून माप पाहिलं, आणि मी दारात आहे हे दिसताच पाय मागे घेतला.

या पुस्तकात दादा अडकला. उतरवताना तो ते वाचू लागला, वाचताना त्याला ते कळू लागलं. जेवताना चिंतामणला विचारी, "सांग बरं, मागणी वाढली तर भाव काऊन वाढते?" चिंतामण काहीतरी ठोकून देई. मग दादा अख्खं उत्तर सांगे, हातातला घास हातातच. मला कोणी विचारत नव्हतं. मला येत होतं.

एका रविवारी चिंतामणचा शाळेतला सोबती निवृत्ती आला. दोघं ओट्यावर बसले होते. दादा आतल्या खोलीत टाक पुसत होता, मी त्याच्यासमोर ताव मोजत होते.

"तुझ्या दादाले समजते काय बे एवढं इंग्रजी?" निवृत्तीने विचारलं.

"त्याले समजून काय करायचं हाय?" चिंतामण म्हणाला. "त्याले फक्त उतरवायचं असते."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, बोलून गेलं. पण दादाचा चेहरा उतरला तो मी पाहिला. त्याने टाक पुसून पुसून कोरडा केला, पुन्हा दौतीत बुडवला आणि लिहायला बसला. मला चिंतामणचा राग आला आणि, खरं सांगायचं तर, दादाचं नाक कापलं गेलं याचं थोडं बरंही वाटलं. दादाला निदान उतरवायला तरी मिळत होतं.

पुढच्या रविवारी रुजवात. चिंतामण नदीवर पोहायला गेला होता. दादा वाचत होता, मी हूं म्हणत होते. जमिनीच्या खंडाचं, म्हणजे भाड्याचं, प्रकरण आलं. छापील पुस्तकात ते सात पानांचं होतं, वर ठळक अक्षरात नाव. दादाने त्याच्या आधीचं वाक्य वाचलं, आणि पुढचं वाक्य वाचलं ते मजुरीच्या प्रकरणाचं. मध्ये काहीच नाही. वहीतले पानांचे आकडे सरळ पुढे गेलेले.

मी मान वर केली. दादा वाचायचा थांबला होता आणि माझ्याकडेच बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं असतं, "दादा, सात पानं राहिली," तर त्याने ती दुपारपर्यंत लिहून काढली असती. तो त्याचीच वाट बघत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी पुस्तकाची पानं उलटली, मजुरीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हूं."

संध्याकाळी त्याने खाली लिहिलं, खरी नक्कल. दोघांची नावं घातली. दुसऱ्या दिवशी पुस्तक वकीलसाहेबांकडे परत गेलं.

परीक्षा झाली आणि जूनमध्ये निकाल लागला. चिंतामण नापास. बाकी सगळ्या विषयांत पास, अर्थशास्त्रात पाच गुणांनी गेला. फीची माफी गेली, आणि दुसऱ्यांदा बसवायला घरात काही उरलं नव्हतं. तो ट्रंक घेऊन परत आला, हातपाय धुतले, आईने दिलेलं पाणी प्यायला आणि दादापुढे येऊन बसला. आई आत गेली होती. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते.

"खंड शिकवला तेव्हा मी तापानं पडलो होतो," तो म्हणाला. "मग एक पोरगा म्हणाला, पुस्तकात हाय, वाचून घे. मी म्हटलं, नाही पुस्तकात. तो म्हणाला, हाय. साऱ्यांसमोर पैज लावली मी. म्हटलं, छापखाना चुकन, माझा दादा चुकणार नाही. तुझं पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं असन. त्याचं पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नाही मी, दादा. पेपरात वीस गुणांचा प्रश्न आला, तो खंडावरच."

दादा बोटावरचा शाईचा डाग चोळू लागला.

"पेपर झाल्यावर पाहिलं. हाय त्याच्यात." चिंतामणचा आवाज बारीक झाला. "वकीलसाहेबांच्या पुस्तकातली पानं फाटली होती काय, दादा?"

त्याने आपण होऊन वाट काढून दिली होती. दादाने नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी मनात म्हणत होते, म्हण, हो म्हण, म्हणजे मीही सुटले.

"नव्हती फाटली," दादा म्हणाला. "मी सोडली. मुद्दाम. तुले कॉलेजात जाताना पाहून मले सहन होत नव्हतं."

चिंतामण त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याची मान हळूहळू माझ्याकडे वळली. माझा हात सुपात तसाच राहिला.

"रुजवात ताईनं घेतली होती," तो म्हणाला.

"तिले काही ठाऊक नाही," दादा घाईघाईने म्हणाला. "पुस्तक मी धरलं होतं या टायमाले. ती नुसती वही वाचून राहिली होती. तिचा काही संबंध नाही." उभ्या जन्मात दादा तोंडाने खोटं बोलला असेल तर ते एवढंच, आणि ते माझ्यासाठी.

पण चिंतामणने पहिला सबंध उन्हाळा चटईवर लोळत ऐकलं होतं. पुस्तक कोणाच्या हातात असतं आणि हूं कोण म्हणतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"ताई," तो म्हणाला, "तुलेही सहन नव्हतं होत?"

दादा माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको म्हणून.

"हो," मी म्हटलं. "मलेही."