आबांची गाडी आणि आमचा कंडम

कंडम कुठल्याच वस्तूला मेली म्हणायचा नाही. जळकी मोटर असो की गंजका पंखा, पुढ्यात आला की हात फिरवून म्हणायचा, "कंडम न्हाय ओ, दमलंय." म्हणून त्याचंच नाव कंडम पडलं. माझ्या गॅरेजला लागून त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, हे माझं दुर्दैव.

माझ्या वडिलांचा, आबांचा, गुडघा गेला आणि त्यांना जुन्या मोटारसायकलची किक बसेना. मी म्हणालो, "विका आता, स्कूटर घेऊया." कंडम म्हणाला, "आबा, किकच काढून टाकूया की." त्यानं इंजिन उतरवलं. शिरोळात पुरात बुडालेल्या ई-रिक्षाची मोटर भंगारातून आणून तिचं वाइंडिंग नव्यानं भरलं, एका मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी टाकीखाली बसवली. आबा रोज त्याच्याजवळ स्टूल टाकून बसायचे. माझ्या गॅरेजात ते इतके कधी बसले नव्हते. मी जळत होतो, आणि पाने-पक्कड आपटून ते कळवतही होतो. तो मात्र हाक मारायचा, "दादा, चेन सरळ हाय न्हवं, बघा की जरा." ती सरळच असायची.

गाडी झाल्यावर पहिली चक्कर मी आबांकडून मागून घेतली, काहीतरी खोट सापडेल म्हणून. दूधकट्ट्यावर गवळी म्हशीची धार काढत होता आणि मंडळी धारोष्ण दूध पीत उभी होती, तिथं थांबलो. कोल्हापुरात गाडी जागेवर रेस केल्याशिवाय आपण आल्याचं कुणाला कळत नाही. सवयीनं मूठ पिळली. आवाज काहीच आला नाही, गाडी मात्र झेप घेऊन थेट म्हशीच्या पोटाशी गेली. गवळी म्हणाला, "पावणं, दूध पायजे तर रांगेतनं या की."

हे कळल्यावर कंडम हसला नाही. त्यानं मुठीशेजारी एक स्विच बसवला. "थांबला की ह्यो दाबा, मोटर बंद. मग पिळा किती बी." अशा माणसाचा राग येणार नाही तर काय होणार?

पुढं सासुरवाडीच्या आग्रहानं तो मलकापूरला दुकान घेऊन गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? थोड्याच दिवसांत गाडी बंद पडली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, त्यो आल्यावर बघंल." मी दिवसभर खपून सुटलेली वायर शोधली, गाडी चालू केली. आबांनी लगेच त्याला स्पीकरवर फोन लावला. "तुझी गाडी चालू झाली रं." माझं नावसुद्धा नाही.

"दादांनी केली न्हवं?" तिकडून आवाज आला. "मग ती आता माझी न्हाय, त्येंची. शाबास म्हणा की त्येंना."

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "शाबास." जन्मभर ज्याची वाट पाहिली तो शब्द मिळाला, तोही कंडमनं सांगितला म्हणून.