गुरुवारची सुट्टी

गुरुवारी सकाळी केंद्रात पोचले तर सतरंज्या घडी करून ठेवलेल्या आणि पोरं गायब. एकूण एक. स्वयंपाकाच्या मावशी पोह्यांचं पातेलं घेऊन उभ्या.

"म्याडम, आज गुरवार हाय नं," त्या म्हणाल्या.

शेगाव स्टेशनजवळच्या ओपन शेल्टरमध्ये मी तेव्हा समाजसेविका होते. ओपन शेल्टर म्हणजे रस्त्यावरच्या मुलांसाठी कुलूप नसलेलं घर. यावं, जेवावं, झोपावं, जमेल तेवढं शिकावं. मूल रुळलं की शाळा. बीटी कपाशीचे दिवस होते. पीक लागोपाठ बुडालं की घरंच्या घरं सुरतेच्या गाडीत बसायची, आणि एखादं पोर मागे प्लॅटफॉर्मवर उरायचं. चंदा आणि तिचा धाकटा भाऊ गोट्या त्यातलेच. आई गेलेली, बाप सुरतेत कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. चंदा सगळ्या पोरांची पुढारी. ती उठली की सगळी उठलीच.

आमचे प्रोजेक्ट इनचार्ज शेळके सर भडकले. "दर गुरुवारी हाच तमाशा! पुढच्या गुरुवारी पळाली तर मला वर कळवावं लागेल. चंदा मुलींच्या बालगृहात, गोट्या मुलांच्या. गावं वेगळी."

म्हणजे भावंडांची ताटातूट. तडक स्टेशन गाठलं. गुरुवार हा महाराजांचा वार, भाविकांची ही गर्दी! चंदा पुलाच्या पायऱ्यांवर सापडली. तिच्या खांद्यावर हात टेकून एक म्हातारी हळूहळू वर चढत होती.

"चंदे, का पळालीस गं?"

"पळाली नाई म्याडम! हे आजी मूर्तिजापूरची. दर गुरवारी पॅशिंजरनं येते. गुडघे धरले तिचे. मी नसली त पूल कशी चढंल?"

"आणि बाकीची?"

"सगळ्याइची आपापली मानसं हायेत. वाट पायतात नं ते."

मला तर तिथेच आनंदानं उडी मारावीशी वाटली! ज्याला आम्ही पळणं म्हणत होतो, ती या पोरांची ड्यूटी होती. धावतच ऑफिसात आले.

"सर, गुरुवारी सुट्टी देऊन टाकू. वर्ग रविवारी घेऊ."

"पळायला सुट्टी?"

"सुट्टी दिली की ते पळणं कसं होईल?"

"आणि रविवारी येणार कोण?"

"मी येते ना!"

"संध्याकाळी परत आली नाहीत तर?"

मी म्हटलं, एकच गुरुवार करून पाहू. सर कसेबसे 'बघू' म्हणाले.

पुढचा गुरुवार. दिवेलागण झाली तरी रस्त्यावर कुणी नाही. सर दारात येरझाऱ्या घालताहेत, मी त्यांची नजर चुकवतेय. आणि एकदम कोपऱ्यावरून कालवा ऐकू आला. सगळी वरात भांडत, खिदळत आत शिरली. पुढे चंदा, तिच्या पाठुंगळी गोट्या.

"मावशे, भाकरी हाय का व?"

सरांनी स्वतः ताटं मांडली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

मग मी गुरुवारी दुपारी कॅरम काढून ठेवू लागले. पोरं संध्याकाळऐवजी दुपारीच येऊ लागली. हळूहळू काहींनी स्टेशनवरचा गुरुवार सोडूनही दिला. चंदानं नाही. आणि जूनमध्ये तिचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. ती शाळा काही आमच्यासाठी गुरुवारी बंद ठेवणार नव्हती.

"आजीले सांगितल्याबिगर मी नाई जात शाळेत," चंदा अडून बसली.

म्हणून आम्ही दोघी पॅसेंजरला गेलो. आजी उतरली. चंदानं तिची पिशवी घेतली आणि तिचा बंद पिळत राहिली. डोळे भरलेले. शेवटी एका दमात बोलली, "आजी, मी आता सकाळी येत नाई. माही शाळा हाय."

आजीनं तिला जवळ ओढलं. "बाप्पा, मंग रडून काऊन राह्यली? शाळा कवा सुटते?"

"पाचले."

"मंग मी संध्याकाळच्या गाडीनं येत जाईन. रातीच दर्शन घीन, मुक्काम करीन, सकाळी जाईन. मले कोणतं हापिस हाय?"

पुढच्या गुरुवारी शाळेच्या ड्रेसमधली चंदा आजीला घेऊन पूल चढत होती आणि मागे पिशवी घेऊन गोट्या. ती दोघं शेवटपर्यंत एकाच छपराखाली राहिली.

नवे कार्यकर्ते मला विचारतात, रस्त्यावरचं पोर स्थिर कसं करायचं? मी सांगते, पोराला सगळ्यात शेवटी हलवा. चंदाच्या वेळी आधी आमची सुट्टी हलली, मग सर हलले, मग आजीची गाडी हलली.