पुस्तकावरच्या तांबड्या रेघा

आलापल्लीच्या आमच्या शाळेत वर्गाला इंग्रजीचं पुस्तक एकच होतं. मी मॉनिटर, म्हणून ते माझ्या ताब्यात असे. चांद्याच्या हायस्कुलाच्या परीक्षेला आम्ही दोघं जाणार होतो. मी आणि एका आराकशाचा मुलगा. तो बापासोबत सागाचे ओंडके चिरायला जाई.

वाक्यातलं उद्देश्य कुठे संपतं आणि विधेय कुठून सुरू होतं, हे मला कळत नसे. 'द ओल्ड मॅन ऑफ द व्हिलेज लॉस्ट हिज काऊ' यात मी 'मॅन'पाशीच थांबायचो. चिरण्याआधी आराकश गेरूत भिजवलेलं सूत ओंडक्यावर ताणतात आणि चिमटीत उचलून सोडतात, की तांबडी रेघ उमटते. त्या मुलानं तसंच सूत पाटीवर लिहिलेल्या वाक्यात 'व्हिलेज'च्या पुढे मारलं.

"म्हातारा कोनता? गावातला. मंग गावाले त्याच्यापासून काऊन तोडतं बे? आता उरलं, थे विधेय."

मला चटकन कळलं. मी सूत मागून घेतलं आणि घरी पाटी पुसायचा कंटाळा म्हणून थेट पुस्तकावरच मारत बसलो. एका वाक्यासाठी मारलेली रेघ चार ओळी कापत गेली. गेरू काही निघेना. सकाळी सूत गुपचूप त्याला परत दिलं.

"इंग्रजी आहे का सागवान?" वर्गात पुस्तक उघडताच गुरुजी ओरडले. पिशव्या तपासल्या, तर सूत त्या मुलाच्या पिशवीत निघालं. "पुस्तक याच्याकडे कसं गेलं?" त्यांनी मला विचारलं.

"त्यानं मागितलं, गुरुजी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. छड्या त्यानं खाल्ल्या आणि परीक्षेतून नावही त्याचंच गेलं. चांद्याला मी एकटा गेलो. पुढे जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेही त्याच्याच युक्तीनं.

बऱ्याच वर्षांनी तो ओंडक्याखालच्या चिराईच्या खड्ड्यात उभा दिसला, भुवया भुशानं पांढऱ्या झालेल्या.

"या मास्तर. पुस्तकातल्या रेघा वाकड्या होत्या, आठवते? माह्यं सूत कधी वाकडं पडते का?"

तो हसला आणि त्यानं करवत ओढली. मला माफी मागायची होती. मी त्याला पोराबाळांची खुशाली विचारली आणि निघालो.

आता तो नाही. त्यानं शाळेचं पुस्तक नासवलं, असं गावात अजून सांगतात. त्याच्या मुलांनीही तेच ऐकलंय. त्या रेघा मी मारल्या होत्या.