तेवीअम्माचं कुंपण

तेवीअम्मा अठ्ठावीस वर्षं आमच्या वैद्यशाळेला डोंगरातून विदारीकंद आणून देत होती, आणि तितकीच वर्षं मी तिला लबाड समजत होतो. तिचा एकही कंद अखंड नसायचा. कोंब फुटतो त्या डोळ्याकडचं टोक कापून घेतलेलं, उरलेला पोत्यात. मी कोठाराचा प्रमुख, माझ्या नजरेतून काय सुटणार!

"टोकं कुणाला विकतेस गं?" मी टोचायचो.

"रानालाच परत देते, वारियरसार. तुम्ही तुमची पोथी सांभाळा."

पोथीचं म्हणाल तर तिच्यात नाव एक आणि जमिनीत वेली तीन. उत्तरेकडचे वैद्य विदारी म्हणून भलतीच वेल खणतात. आम्ही कापल्यावर दूध येणारा कंद घेतो. आणि आमच्याच रानात हुबेहूब तसा आणखी एक असतो, बिनदुधाचा आणि विषारी. चकत्या वाळल्या की दोन्ही सारखेच. प्रत्येक कंद कापून बघणं माझं काम होतं. पण तेवीअम्मा टोकं चोरते, कंद चुकत नाही; तिचा माल म्हटल्यावर कोण बघतंय?

यंदा ऐन उन्हाळ्यात, वेलींची पानं झडलेली असताना तिने एक पोतं आणलं. पाऊस लागल्यावर त्याचं चूर्ण झालं. माझी लेक शोभना नुकतीच बाळंत झाली होती. अंगावर दूध कमी, बाळ भुकेनं रडून रडून निळं पडायचं. दूध वाढावं म्हणून पहिली पुडी मी तिच्यासाठीच बांधत होतो, तोच तेवीअम्मा धापा टाकत दारात.

"सार, उन्हाळ्यातला माल कुठाय?"

"हा काय, हातात."

"ठेवा खाली! खोटा आहे तो."

"कोण म्हणतं?"

"मीच. आणला पण मीच."

"म्हातारे, चळलीस की काय?"

"चळले असेन. पण घरी चला आधी."

पुडी तशीच ठेवून मी तणतणत तिच्यामागे गेलो. तिच्या परसात बांबूचं लांबच लांब कुंपण होतं आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वेलीच वेली.

"बाकीची टोकं रानात पुरते, दर पोत्यातलं एक इथं लावते. उगवलं की कळतं, तुम्हाला काय दिलं ते." ती एकेका वेलीला हात लावत चालली. "ही पुराच्या सालची. ही तुमच्या शोभनाच्या जन्माची." सगळ्या वेली अंगानंच बांबूला वेढे घालत चढल्या होत्या. शेवटची जेमतेम गुडघाभर. पान तसंच, पण पानाच्या बेचक्यातून दोऱ्यासारखे बारीक तणावे निघून बांबूला गच्च धरून बसलेले.

"सकाळी बोटांना लागले. आपलीला असे हात नसतात, सार."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अठ्ठावीस वर्षांचा पुरावा जिवंत उभा होता, आणि मी तिला टोकांचा हिशेब विचारत होतो! लाज वाटली, आणि त्याहून जास्त, त्या कुंपणापुढे हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही.

"ही शेवटची उपटून टाक," मी म्हणालो.

"का? तिनं थोडंच फसवलं? असू दे. लोकांना दाखवायला होईल."

मग तिने शोभनाच्या जन्मसालच्या वेलीखाली खणून एक कंद काढला आणि कोयता माझ्या हातात दिला.

"लेकीला हा द्या. पण कापून बघा."

"तुझा माल मी तुझ्यासमोर कापू?"

"कापा म्हणते ना!"

मी कापला. पांढरंशुभ्र दूध कडेकडेनं दाटून आलं. तेवीअम्मा खाली वाकली, डोळे किलकिले करत नाक कंदाला टेकेपर्यंत वाकली, आणि तशीच थांबली.

"आलं का हो, सार?" तिने विचारलं.

"आलं, अम्मे. आलं."