शॉकअपचे बारा खटके

मुंबईहून आलेल्या त्या मोटार-रॅलीवाल्याचा राग मला अजून येतो. त्याच्यापेक्षा जास्त मालकांचा येतो. तो राग आला की लाजही वाटते, कारण आठवीतून शाळा सोडून लातूरकडून आलेल्या मला रत्नागिरीत थारा दिला तो त्यांनीच. गॅरेजमागची खोली त्यांची, हातातलं काम त्यांचं. ते कधी काढून घेतील, ही धास्ती ऐंशी सालानंतरची ती सगळी वर्षं माझ्या पोटात होती.

रॅलीवाल्याच्या गाडीला शर्यतीचे परदेशी शॉकअप होते. एकाचं तेल गळत होतं म्हणून मी तो उघडला. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला भोकं. चाक उसळलं की दट्ट्या सरकतो, तेल भोकांतून रेटून जातं आणि उसळी जिरते. आपल्या जीपच्या शॉकअपातही हेच. पण याच्या बुडाशी एक चकती होती. ती फिरवली की आतली सुई भोक लहान करायची. असे बारा खटके. भोक जितकं लहान, वर गेलेलं चाक तितकं सावकाश खाली येणार.

सील बदलून मी शॉकअप परत बसवला, तेव्हा तो म्हणाला, "चारही चाकांचे बाराच्या बारा खटके आवळ. रेसिंग आहे, बैलगाडी नाही."

"साहेब, पावस गावाच्या पुढचा रस्ता छपराच्या नळीदार पत्र्यासारखा आहे. चाक खाली येईतो दुसरा उंचवटा येणार, मग तिसरा. चाक वरच राहील, रस्ता धरणार नाही."

"शाळा किती झाली रे तुझी?"

"आठवी."

"मग आठवीपुरतंच बोल."

मालक हसले. "घाटी आहे तो, लक्ष देऊ नका. आवळ रे."

आवळले. तो पावसकडे चक्कर मारायला गेला. दोन तासांनी गाडी आली ती मागचं मडगार्ड चेपून. वळणावर मागची बाजू सुटून रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, घासली होती.

"तुमच्या माणसानं शॉकअप ढिले सोडलेत," तो मालकांना म्हणाला.

मालक स्वतः गाडीखाली सरपटले. पाठीचं दुखणं असलेला माणूस, पण चारही चकत्या आवळायच्या बाजूला फिरवून पाहिल्या. एकही खटका पुढे जाईना. वाटलं, सुटलो. मालकांनी बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाले, "साहेबांची माफी माग."

मागितली.

मडगार्ड ठोकताना मी चारही चकत्या पाच-पाच खटके मागे घेतल्या. कुणाला विचारलं नाही. त्यानं मोजले असते तर त्याच दिवशी माझी वळकटी बाहेर पडली असती. त्यानं मोजले नाहीत. पुन्हा तोच रस्ता मारून संध्याकाळी आला तो खुशीत.

"बघा, नीट आवळल्यावर कशी चिकटून चालते."

"तर हो, तुमचं बरोबरच होतं," मालक म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती सोडलेस?"

"पाच."

"वाटलंच."

"तुम्ही खाली जाऊन पाहिलं होतंत ना?"

"मेल्या, पाहिलं म्हणूनच तर तुला ठेवला. तुझी चूक नाय, हे मला कळलं. त्याला कशाला कळायला हवं?"

मी मान हलवली. माझी चूक नाही हे मालकांनी त्याच्या तोंडावर म्हटलेलं मला ऐकायचं होतं, पण ते मी सांगितलं नाही. उलट "उपकार आहेत तुमचे," असं म्हणालो, आणि ते खरंही होतं.