सहाणेवरची गोळी

दाढ काढल्यावर बाबांचा जबडा इतका सुजला की गोळी गिळवेना. गोळी रक्तदाबाची, रोज सकाळी एक. आम्ही तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावी सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि औषधं बाबांच्या कारखान्याच्या दवाखान्यातून यायची. आईने तान्ह्या पोराला गुटी देतात तसं केलं. गोळी सहाणेवर उगाळली, मधात कालवली, बोटाने चाटवली. तासाभरात बाबांना गरगरायला लागलं. गरगरलं म्हणजे प्रेशर चढलं, हे आमच्या घरातलं वैद्यक. आईने आणखी एक उगाळली.

दुपारी मी रिक्षातून त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा हातपाय गार, नाडी जेमतेम, श्वास मात्र धापा टाकल्यासारखा.

तरुण डॉक्टरने मोडक्या हिंदीत विचारलं, "अम्मा, गोली पीसके दिया?"

"हो, मधातून," आई म्हणाली. थोड्या अभिमानानेच.

त्याने कपाळाला हात लावला. ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून घडवलेली. उगाळली की दिवसाचं औषध एकदम अंगात. इथे तर दोन दिवसांचं. हृदय मंदावलं, रक्त पुरेसं फिरेना, म्हणून रक्तात लॅक्टिक आम्ल साचत होतं. त्या आम्लाचा आकडा उतरला तरच आशा, असं त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं.

शिरेतून कॅल्शियम दिलं. मग इन्शुलिन लावलं, तशी आई उठली. "अहो, यांना साखर नाही हो!" साखरेसाठी नाही, हृदयाला जोर यावा म्हणून, हे मी तिला समजावलं. तिचा विश्वास बसला नाही. आता तिचा कशावरच बसत नव्हता.

परिचारिका येता-जाता विचारायच्या, "यारु कुडुत्तदु?" कुणी दिली? आईला तमिळ भाजीपुरतं येत होतं, पण हे बरोबर कळायचं. दर वेळी ती हात वर करायची, वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी. मला संताप यायचा. गोळी उगाळू नका, अख्खी गिळा, हे तिला कोणत्या शहाण्याने सांगितलं होतं? पाकिटावर होतं म्हणे, मुंगीएवढ्या इंग्रजीत. तेच चार भाषांत ठळक छापायला शाई किती लागते? पत्रकं छापणाऱ्या कुणालाही विचारा, फारशी नाही लागत. पण इस्पितळाच्या बाकावर बसून भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

आकडा उतरला. सावकाश, पण उतरला. नळ्या निघाल्यावर बाबा घोगऱ्या आवाजात आईला म्हणाले, "काय गं, चाटण देऊन कायमचा निजवणार होतीस की काय?"

मी हसले. आई हसली नाही. पाण्याचा तांब्या भरायला म्हणून उठली आणि बराच वेळ आलीच नाही.

तेव्हापासून बाबा गोळी स्वतः घेतात. ते पाकीट हातात घेतात तेव्हा आई गॅलरीत जाते, आणि "गिळली गं" असं त्यांनी ओरडून सांगितल्यावरच आत येते.