सोनगीरचा गप्प कॉम्प्युटर

नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की मला सोनगीर आठवतं. धुळ्याच्या ऑफिसात बसून सगळ्या शाखांमधल्या कॉम्प्युटरांची वॉरंटी नेटवर्कवरून गोळा करणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. सगळ्यांची उत्तरं आली, सोनगीरचा एक तेवढा गप्प. तीन दिवस स्क्रिप्टमधली चूक शोधली, साहेबांची बोलणी खाल्ली आणि शेवटी भर उन्हात मोटरसायकलने तिथे गेलो. कॉम्प्युटर खोक्यातच होता! तिथले म्हातारे कारकून नाना समजावणीच्या सुरात म्हणाले, "वापरा तं वॉरंटी सरी जाई, भाऊ!" मी खोकं फोडून तो जोडला, स्क्रिप्ट चालवली, तर वॉरंटी आदल्याच आठवड्यात संपलेली. नाना एकदम खुलले. "चला, आते वापराले काही भ्याव नही!"